तीन मॉनिटर: खेळ पसरवण्यासाठी की खेळाशेजारी?

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणाऱ्याकडे २७ इंची, २५६०×१४४० रिझोल्यूशनचा, १४४ हर्ट्झचा (म्हणजे सेकंदाला १४४ वेळा चित्र बदलणारा) एक चांगला मॉनिटर आहे आणि २४ इंची, १९२०×१०८० रिझोल्यूशनचे, ६० हर्ट्झचे दोन जुने मॉनिटर पडून आहेत. हे दोन्ही बाजूंना लावून तिन्हींवर मिळून खेळता येईल का, ग्राफिक्स कार्डावर किती भार पडेल, एक जुना मॉनिटर जोडून पाहिल्यापासून खेळ अधूनमधून अडखळतो आणि कर्सर शेजारच्या पडद्यावर निसटतो त्याचे काय करावे, आणि या सगळ्यापेक्षा एकच रुंद मॉनिटर घेणे बरे का, असे चार प्रश्न त्यांनी विचारले आहेत. ते मुख्यतः गाड्यांच्या शर्यतीचे खेळ खेळतात आणि मित्रांबरोबर नेमबाजीचे सांघिक खेळ खेळतात, असेही त्यांनी लिहिले आहे, आणि माझ्या उत्तराच्या दृष्टीने तीच माहिती सर्वांत उपयोगाची आहे.

मी गेली चौदा वर्षे खेळांसाठी संगणक जुळवून देतो आणि त्यातही शर्यतीच्या व विमानाच्या सिम्युलेटरची बैठक मांडून देण्याचे काम अधिक करतो. या अनुभवावरून सांगतो की चारही प्रश्नांच्या मुळाशी एकच गोंधळ आहे. ‘एकापेक्षा जास्त मॉनिटर’ या एका नावाखाली दोन अगदी वेगळी कामे येतात. पहिल्या कामात खेळाचे दृश्यच तीन पडद्यांवर पसरते, म्हणजे संगणकाच्या दृष्टीने ते तीन मॉनिटर मिळून एकच रुंद पडदा होतो. दुसऱ्या कामात खेळ मधल्या मॉनिटरवरच राहतो आणि शेजारच्या पडद्यावर मित्रांशी बोलण्याची खिडकी, नकाशा, तापमानाचे आकडे किंवा व्हिडिओ असतो. पहिल्या कामासाठी तिन्ही मॉनिटर सारखे लागतात, ते मापून लावावे लागतात आणि कार्ड दणकट लागते. दुसऱ्या कामासाठी कसाही जुना मॉनिटर चालतो; त्याने खेळाच्या वाटेत येऊ नये एवढीच अपेक्षा असते. आपण दुसऱ्या कामाच्या सामानातून पहिले काम करू पाहत आहात आणि अडचण तिथेच आहे.

काही गोष्टी मला इथून ठरवता येणार नाहीत. आपले कार्ड कोणते, टेबल किती खोल, बसल्यावर डोळ्यांपासून पडदा किती दूर येतो आणि आपण खेळता तो खेळ तीन पडद्यांना नीट आधार देतो की नाही, यांवर उत्तर बरेच बदलते. म्हणून पुढे जिथे आकडे दिले आहेत तिथे ते कसे काढले हेही सांगतो, म्हणजे आपल्याला आपले आकडे घालून पाहता येतील.

प्रथम हाताशी असलेल्या तीन मॉनिटरांबद्दल. एनव्हिडियाच्या सराउंड किंवा एएमडीच्या आयफिनिटी या सोयीने पडदे जोडले की ड्रायव्हर, म्हणजे कार्ड चालवणारा प्रोग्राम, सर्वसाधारणपणे सर्वांना जमेल अशी किमान सामाईक पातळी धरतो. म्हणजे आपला चांगला मॉनिटर १४४ वरून ६० हर्ट्झवर आणि १४४० वरून १०८० ओळींवर येईल. २७ इंची पडद्यावर १०८० ओळी ताणून दाखवल्या की अक्षरे आणि दूरच्या वस्तूंच्या कडा मऊ, पुसट दिसतात. याहून मोठी अडचण उंचीची आहे. २७ इंची पडद्याचा दिसणारा भाग साधारण ३३.६ सेंटीमीटर उंच असतो आणि २४ इंचीचा २९.९ सेंटीमीटर. दोन्हींवर ओळी १०८०च, पण त्या वेगवेगळ्या उंचीत बसवलेल्या. तिन्ही पडद्यांचे मध्य एका रेषेत आणले, तरी वरच्या आणि खालच्या कडेला जवळजवळ दोन-दोन सेंटीमीटरची पायरी राहते. क्षितिज जुळते, पण रस्त्याच्या कडेचा कठडा मधल्या पडद्यावरून बाजूच्या पडद्यावर जाताना मोडतो आणि गाडीच्या छताची रेषा एकदम खाली उतरते. पहिली दहा मिनिटे माणूस दुर्लक्ष करतो. नंतर नजर प्रत्येक वळणावर त्या मोडलेल्या रेषेकडेच जाते. माझ्याकडे अशी जुळणी घेऊन आलेल्यांपैकी महिन्याभरानंतरही ती वापरणारा एकही माणूस मला आठवत नाही. म्हणून हे तीन मॉनिटर जोडून खेळ पसरवू नका, असे मी स्पष्टपणे सांगेन.

आता भाराविषयी. कार्डाला मॉनिटर किती हे महत्त्वाचे नसते, त्याला पिक्सेल किती रंगवायचे हे महत्त्वाचे असते. २५६०×१४४० च्या एका पडद्यावर सुमारे ३६.९ लाख पिक्सेल असतात. १९२०×१०८० चे तीन पडदे जोडले तर ५७६०×१०८० म्हणजे ६२.२ लाख होतात आणि २५६०×१४४० चे तीन जोडले तर १ कोटी १० लाखांच्या वर जातात. तुलनेसाठी, ३८४०×२१६० च्या एका फोर-के पडद्यावर ८२.९ लाख पिक्सेल असतात, म्हणजे १४४० चे तीन पडदे हे एका फोर-के पडद्याहूनही बरेच जड काम आहे. पिक्सेल तिप्पट झाले म्हणून फ्रेम रेट, म्हणजे सेकंदाला रंगवली जाणारी चित्रे, बरोबर एक तृतीयांश होतोच असे नाही, कारण खेळाचे काही काम प्रोसेसर करतो आणि ते पिक्सेलांवर अवलंबून नसते. पण इथे एक गोष्ट पुष्कळांच्या लक्षात येत नाही. दृश्य रुंद झाले की बाजूची झाडे, प्रेक्षक, शेजारच्या गाड्या असे आधी चौकटीबाहेर असलेले सारे आत येते, आणि त्या वस्तू मांडण्याचे काम प्रोसेसरच्याही वाट्याला जाते. म्हणून एका पडद्यावर प्रोसेसर आधीच दमत असेल, तर नुसते मोठे कार्ड घेऊन तीन पडद्यांवरचा खेळ सुरळीत होत नाही.

याउलट शेजारच्या मॉनिटरवर नुसता डेस्कटॉप उघडा असेल तर त्याचा भार नगण्य असतो. १९२०×१०८० चे एक स्थिर चित्र कार्डाच्या मेमरीत सुमारे ८ मेगाबाइट जागा घेते. आजच्या कार्डांवर काही गिगाबाइट मेमरी असते. व्हिडिओ लावला तरी तो उलगडण्याचे काम कार्डातला वेगळा भाग करतो. आपला खेळ अडखळतो आहे तो भारामुळे नव्हे, हे पुढे पाहू.

मग तीन पडद्यांवर खेळ पसरवणे कधी सार्थकी लागते? माझे उत्तर आहे: जिथे माणूस एका जागी बसून बाहेर पाहतो असे खेळ, म्हणजे शर्यत, विमान, ट्रक. कारण सांगतो. २७ इंची पडद्याची रुंदी साधारण ५९.८ सेंटीमीटर असते. डोळे त्यापासून ६० सेंटीमीटर दूर असतील, तर तो पडदा आपल्या नजरेचा फक्त ५३ अंशांचा भाग व्यापतो. दृश्य खऱ्या मापात दाखवायचे असेल, तर खेळातला दृश्यकोन, ज्याला सगळे एफओव्ही म्हणतात, तोही ५३ अंशच ठेवायला हवा. तसा ठेवला की समोरचे वळण खऱ्या अंतरावर दिसते आणि ब्रेक कुठे मारायचा याचा अंदाज पक्का होतो, पण बाजूची खिडकी आणि आरसे चौकटीबाहेर जातात. ते आत आणायला दृश्यकोन ९० अंशांपर्यंत वाढवला की समोरचे सगळे लहान आणि दूर भासते, आणि वळण जवळ आल्याचे उशिरा कळते. एका पडद्यावर या दोहोंपैकी एकाला मुकावेच लागते. बाजूला तसेच दोन पडदे योग्य कोनात लावले की प्रत्येकी ५३ अंश मिळून १५९ अंश होतात: समोरचे माप खरे राहते आणि शेजारी आलेली गाडी डोळ्यांच्या कोपऱ्यातून दिसते. वेगाची जाणीवही पुष्कळशी बाजूने सरकणाऱ्या वस्तूंवरूनच होते. ज्याने एकदा अशा बैठकीत बसून अरुंद वळणावर दुसऱ्या गाडीला खेटून गाडी काढली आहे, त्याला हा फरक समजावून सांगावा लागत नाही. मला स्वतःला या कामात सर्वांत समाधान त्या क्षणी मिळते: नवा माणूस पहिल्यांदाच मान न वळवता नुसत्या डोळ्यांनी बाजूची गाडी टिपतो तेव्हा.

पण ‘योग्य कोनात’ या शब्दांतच सारे आहे. बहुतेक जण बाजूचे पडदे थोडेसे, वीस-पंचवीस अंश आत वळवतात आणि थांबतात. नियम सोपा आहे: प्रत्येक पडद्याचा मध्य डोळ्यांपासून सारख्या अंतरावर असावा आणि प्रत्येक पडदा आपल्याकडे सरळ तोंड करून असावा. ६० सेंटीमीटरवर २७ इंचीचे तीन पडदे लावताना हा वळणाचा कोन ५३ अंश येतो. ७० सेंटीमीटर दूर बसलात तर सुमारे ४६ अंश. पडदा जितका जवळ तितके वळण जास्त. हे मी दोरीने करतो. खेळताना जसे टेकून बसता तसे बसायचे, दुसऱ्या माणसाने दोरीचे एक टोक आपल्या नाकाच्या वरच्या हाडाजवळ धरायचे आणि दुसरे टोक मधल्या पडद्याच्या मध्यावर नेऊन तिथे गाठ मारायची. मग तीच गाठ डाव्या पडद्याच्या मध्यावर आणि उजव्या पडद्याच्या मध्यावर पोहोचते का हे पाहत बाजूचे पडदे सरकवायचे. शेवटी बाजूच्या पडद्याच्या आतल्या आणि बाहेरच्या कडेपर्यंत दोरी ताणून पाहायची. दोन्ही अंतरे सारखी आली की पडदा आपल्याकडे सरळ पाहतो आहे. एक बाजू बोटभर कमी-जास्त असली तरी बसणाऱ्याला ‘काहीतरी वाकडे आहे’ असे वाटत राहते आणि नेमके काय ते सांगता येत नाही. हे सगळे अर्ध्या तासात होते, आणि महागड्या कार्डाने जे साधत नाही ते या दोरीने साधते.

टेबलाचा हिशेबही आधीच करून ठेवा. चौकटीसह एक २७ इंची मॉनिटर साधारण ६१ सेंटीमीटर रुंद धरला, तर तीन सरळ रांगेत १८३ सेंटीमीटर होतात. ५३ अंशांत वळवले की रुंदी सुमारे १३५ सेंटीमीटरवर येते, पण बाजूच्या कडा आपल्याकडे जवळपास ४९ सेंटीमीटर पुढे येतात. स्टिअरिंग, कीबोर्ड आणि कोपरे यांना त्या कवेत जागा उरते का, हे मॉनिटर विकत घेण्याआधी पाहायला हवे. मॉनिटरबरोबर आलेल्या पायांवर ही मांडणी सहसा बसत नाही, कारण ते पाय एकमेकांना आडवे येतात. मागे १०० मिलिमीटरच्या चौकोनातली चार वेसा भोके (स्टँड जोडण्याची ठरावीक मापाची भोके) असलेले मॉनिटर आणि एकच मजबूत स्टँड किंवा तीन आर्म घेतले तर काम सुखाचे होते.

कोन लावून झाले तरी खेळाला ते कळवावे लागते. साधारण खेळ असे धरून चालतो की समोर एकच सपाट भिंत आहे, आणि त्या भिंतीवर तो दृश्य उमटवतो. सपाट पडद्यावर असे दृश्य उमटवताना मध्यापासून जितके दूर जावे तितक्या वस्तू आडव्या ताणल्या जातात: ४५ अंशांवर मध्याच्या दुप्पट आणि ६० अंशांवर चौपट. म्हणूनच तीन पडद्यांवरच्या चित्रांत बाजूच्या गाड्या लांबलचक, रबरासारख्या ओढलेल्या दिसतात. यावरचा खरा उपाय म्हणजे खेळाने प्रत्येक पडद्यासाठी स्वतंत्र दृश्य रेखाटणे. आयरेसिंग आणि असेट्टो कोर्सा या खेळांत ही सोय आहे. तिथे पडद्याची रुंदी, डोळ्यांपासूनचे अंतर, वळणाचा कोन आणि मधल्या चौकटीची जाडी भरली की बाजूचे दृश्य सरळ होते. एक्स-प्लेनमध्येही प्रत्येक मॉनिटरला त्याचा वेगळा कोन देता येतो. आपला आवडता खेळ असे करतो की नाही, हे खरेदीच्या आधी शोधा. करत नसेल तर ताण सहन करावा लागेल, आणि तो किती सहन होतो हे माणसागणिक बदलते. चौकटीच्या जाडीची दुरुस्तीही जरूर करा. तीत चौकटीमागे झाकला गेलेला भाग वगळला जातो आणि रस्ता खिडकीच्या खांबाआडून गेल्यासारखा अखंड दिसतो.

जाता जाता एक गोष्ट सांगावीशी वाटते, कारण ही कल्पना नवी आहे असा समज आहे. टाइटो कंपनीच्या १९८० च्या दशकातल्या ‘डरायस’ या आर्केड खेळात तीन पडदे होते आणि आरशांच्या मदतीने ते मधल्या पट्टीशिवाय एकसंध दिसत. १९९३ मधल्या ‘डूम’च्या सुरुवातीच्या आवृत्तीत तीन संगणक जाळ्याने जोडून डावीकडचे आणि उजवीकडचे दृश्य वेगळ्या पडद्यांवर दाखवता येई, पुढे ती सोय काढली गेली. तीन पडदे जोडणे सर्वसामान्य खेळणाऱ्याच्या आवाक्यात आले ते २००९ मध्ये आयफिनिटी आणि त्यापाठोपाठ २०१० मध्ये सराउंड आल्यावर. तेव्हाही दोरी लागत होतीच.

दोन पडदे जोडून एकच दृश्य दाखवण्याचा मोह मात्र टाळावा. दोन्हींची मधली चौकट नेमकी दृश्याच्या मध्यावर, म्हणजे जिथे नेम धरायचा किंवा जिथे रस्ता जातो तिथेच येते. दोन पडद्यांचा उपयोग होतो तो खेळाने दुसऱ्या पडद्याला वेगळे काम दिले तर. २००७ मधल्या ‘सुप्रीम कमांडर’मध्ये दुसऱ्या मॉनिटरवर संपूर्ण रणांगणाचा नकाशा ठेवता येतो, आणि डीसीएस वर्ल्ड या विमानांच्या सिम्युलेटरमध्ये कॉकपिटमधली उपकरणे वेगळ्या पडद्यावर काढता येतात. नेमबाजीच्या सांघिक खेळांविषयी तर मी जोडलेल्या पडद्यांचा सल्ला देतच नाही. अशा खेळांत कोणाला जास्त दिसू नये म्हणून दृश्यकोन बांधून ठेवलेला असतो. उदाहरणार्थ, व्हॅलोरंटमध्ये १६:९ पेक्षा रुंद पडदा लावला तरी जास्तीचे दृश्य मिळत नाही. काही खेळ तर रुंद पडद्यावर वरचा आणि खालचा भागच कापतात. तिथे आपला एकटा १४४ हर्ट्झचा मॉनिटर हेच सर्वांत चांगले साधन आहे.

आता अडखळण्याकडे येतो, कारण सध्या आपल्याला त्याचाच त्रास होतो आहे. १४४ हर्ट्झचा पडदा दर ६.९४ मिलिसेकंदांनी नवे चित्र मागतो आणि ६० हर्ट्झचा दर १६.६७ मिलिसेकंदांनी. १४४ ला ६० ने नि:शेष भाग जात नाही, त्यामुळे दोन्ही पडद्यांचे ठोके एकमेकांशी जुळत नाहीत. विंडोज १० च्या मे २०२० मधल्या २००४ क्रमांकाच्या आवृत्तीपर्यंत खिडकीत किंवा बिनचौकटीच्या खिडकीत चालणारा खेळ शेजारच्या संथ पडद्याच्या तालावर ओढला जाण्याची तक्रार सर्रास होती. त्या आवृत्तीने ती बरीचशी सोडवली. म्हणून पहिली पायरी म्हणजे विंडोज आणि कार्डाचा ड्रायव्हर अद्ययावत करणे. विंडोज ११ असेल तर डिस्प्लेच्या ग्राफिक्स सेटिंगमध्ये ‘ऑप्टिमायझेशन्स फॉर विंडोड गेम्स’ हा पर्याय चालू करा.

त्यानंतर एकेक गोष्ट बदलत तपासा. एकदम चार बदल केले तर कशाने गुण आला ते कळत नाही. शेजारच्या पडद्यावरचे सगळे बंद करून खेळ चालवा. अडखळणे थांबले तर दोष मॉनिटरचा नसून तिथे चालणाऱ्या प्रोग्रामचा आहे, आणि माझ्या अनुभवात तो पुष्कळदा ब्राउझर असतो; त्याच्या सेटिंगमधले हार्डवेअर ॲक्सलरेशन, म्हणजे कार्डाकडून काम करून घेण्याची सोय, बंद करून पुन्हा पाहा. सगळे बंद असूनही खेळ अडखळत असेल, तर मुख्य मॉनिटर १४४ ऐवजी १२० हर्ट्झवर ठेवून पाहा. १२० ही ६० ची दुप्पट असल्याने ठोके जुळतात, आणि १४४ व १२० मधला फरक हाताला जाणवण्याइतका मोठा नसतो. याच बदलाने दुसरी एक तक्रारही कधीकधी मिटते: न जुळणाऱ्या रिफ्रेश रेटचे, म्हणजे वेगळ्या हर्ट्झचे, दोन पडदे असले की खेळ चालू नसतानाही कार्डाची मेमरी पूर्ण वेगाने धावत राहते, कार्ड तापते आणि पंखा विनाकारण फिरतो. तरीही फरक पडला नाही, तर खेळ बिनचौकटीच्या खिडकीऐवजी पूर्ण पडद्याच्या खास पद्धतीत, म्हणजे एक्सक्लुझिव्ह फुलस्क्रीनमध्ये चालवा. त्यात खेळ शेजारच्या पडद्याच्या तालापासून मोकळा होतो, मात्र दुसऱ्या पडद्यावर क्लिक केले की खेळ खाली मिटतो, ही त्याची किंमत आहे.

कर्सर निसटण्यावर पहिला उपाय खेळाच्या सेटिंगमध्येच शोधा. कर्सर खिडकीत बांधून ठेवण्याचा पर्याय बहुतेक नव्या खेळांत असतो. तो नसेल तर विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये मॉनिटरांचे जे चौकोन दिसतात, त्यांतला शेजारचा चौकोन वर किंवा खाली ओढून मुख्य चौकोनाला त्याच्या कडेचा थोडासाच भाग चिकटेल असा ठेवा. कर्सर फक्त त्या अरुंद फटीतूनच पलीकडे जाऊ शकतो आणि लढाईच्या धांदलीत चुकून निसटत नाही. एखादी खिडकी एका पडद्यावरून दुसऱ्यावर न्यायची असेल तर विंडोज, शिफ्ट आणि बाणाची कळ एकत्र दाबली की ती थेट तिकडे जाते, कर्सरने ओढावी लागत नाही.

याच तपासणीत केबल कुठे खोचली आहे हेही पाहा. एकदा एक तरुण पूर्ण संगणक उचलून माझ्याकडे आला होता. नवे कार्ड घातल्यानंतर दोन आठवडे त्याचा खेळ सरकतच नव्हता, आणि कार्डच सदोष आहे असे त्याला विकणाऱ्याने सांगितले होते. मी संगणकाची मागची बाजू पाहिली: मुख्य मॉनिटरची केबल मदरबोर्डाच्या भोकात होती आणि कार्डाची चारही भोके रिकामी, वरची प्लॅस्टिकची टोपणे तशीच लावलेली. तसे असले की खेळ एकतर प्रोसेसरमधल्या अंगभूत ग्राफिक्सवर चालतो, नाहीतर कार्डाने रंगवलेली प्रत्येक फ्रेम आधी तिकडे पाठवावी लागते. केबल बदलायला एक मिनिट लागले. दोन मॉनिटर असतील तर दोन्ही कार्डालाच लावा. मुख्य मॉनिटरला डिस्प्लेपोर्ट द्या आणि जुन्याला एचडीएमआय. एचडीएमआय १.४ च्या जुन्या जोडणीतून २५६०×१४४० ला १४४ हर्ट्झ मिळत नाहीत. त्यासाठी किमान डिस्प्लेपोर्ट १.२ किंवा एचडीएमआय २.० लागते. केबल बदलल्यावर ‘ॲडव्हान्स्ड डिस्प्ले’ मध्ये जाऊन रिफ्रेश रेट खरोखर १४४ आहे ना, हे डोळ्यांनी पाहा. विंडोज तो पुष्कळदा ६० वरच ठेवते.

राहिला एकाच रुंद मॉनिटरचा प्रश्न. ३४ इंची, ३४४०×१४४० चा मॉनिटर उंचीला आपल्या २७ इंचीएवढाच असतो, फक्त बाजूंना वाढतो. त्याचे पिक्सेल सुमारे ४९.५ लाख, म्हणजे आताच्या भाराच्या दीडपटही नाही. ४९ इंची, ५१२०×१४४० चा म्हणजे २७ इंचीचे दोन मॉनिटर मधली पट्टी काढून शेजारी ठेवल्यासारखा. दोन्हींत एकच केबल, एकच रिफ्रेश रेट, रंगात फरक नाही आणि कोन मोजण्याचा खटाटोप नाही. पण ६० सेंटीमीटरवरून ३४ इंची सपाट धरला तर सुमारे ६७ अंश आणि ४९ इंची सुमारे ९० अंश व्यापतो. वक्र असल्याने त्यात थोडी भर पडते. तीन पडद्यांच्या १५९ अंशांशी त्याची बरोबरी होत नाही. म्हणून मी असे सांगतो: शर्यत हा आपला मुख्य छंद असेल आणि बैठक त्यासाठीच राखून ठेवता येत असेल तर तीन सारखे मॉनिटर; शर्यत, इतर खेळ आणि रोजचे काम एकाच टेबलावर होत असेल तर रुंद मॉनिटर. तीन घ्यायचे ठरवलेच तर तिन्ही एकाच मॉडेलचे घ्या. नाव एक आणि मॉडेल वेगळे असले तरी पांढरा रंग एकावर निळसर आणि दुसऱ्यावर पिवळसर येतो, आणि सेटिंग कितीही हलवले तरी तो पुरता जुळत नाही. बाजूच्या पडद्यांसाठी आयपीएस पॅनेल बरे, कारण मान हलली तरी रंग तसेच राहतात. टीएन पॅनेलचे रंग तिरके पाहिले की लगेच फिके पडतात.

आपल्या बाबतीत मी पुढच्या क्रमाने जाईन. जुन्या मॉनिटरांपैकी एकच डाव्या किंवा उजव्या हाताला ठेवा. मुख्य मॉनिटर बरोबर समोर असू द्या, दोन पडद्यांच्या फटीसमोर बसू नका, नाहीतर आठवड्याभरात मान तक्रार करू लागेल. शेजारच्या पडद्याचा उजेड कमी करा, कारण अंधाऱ्या दृश्यात डोळ्याच्या कडेला चमकणारी पांढरी खिडकी शत्रूपेक्षा जास्त लक्ष वेधते. अडखळण्याची तपासणी वर सांगितल्याप्रमाणे करा. दुसरा जुना मॉनिटर तूर्त बाजूलाच राहू द्या.

तीन पडद्यांची ओढ तरीही उरली, तर पैसे खर्च करण्याआधी पुठ्ठ्याचे दोन तुकडे ६१ सेंटीमीटर रुंद आणि ३६ सेंटीमीटर उंच कापा, दोरीने मापून मुख्य मॉनिटरच्या दोन्ही बाजूंना योग्य कोनात उभे करा आणि तसेच आठ दिवस खेळा. स्टिअरिंग फिरवताना कोपर पुठ्ठ्याला लागते का, खुर्चीतून उठताना आडवे येतात का, खोलीच्या दाराशी आलेले माणूस दिसेनासे होते का, हे सगळे त्या आठ दिवसांत कळते. नववा दिवस उजाडला आणि पुठ्ठे अजून उभेच असले, तर कार्डाचे नाव आणि डोळ्यांपासून पडद्यापर्यंतचे अंतर मला कळवा. पुढचा हिशेब आपण मिळून करू.